देवांची फळी

दिवाळी सरली की आमच्या गिरणीचा आवाज बदलतो. एरवी बायका थोडी नाचणी, थोडे तांदूळ घेऊन येतात, दाराशी गप्पा मारत बसतात. पट्टा थांबतो, पुन्हा फिरतो. पण भात झोडून झालं, वरई घरात आली, माळावरची खुरासणीची पिवळाई उतरली, की एका सकाळी दाराबाहेर गोण्यांची रांग लागलेली असते. मग बाहेर जाऊन बघायला नको. ट्रक आलेले असतात. वीटभट्टीवर न्यायचं पीठ दळून घ्यायचं असतं आणि ते एका दिवसाचं नसतं. मग गिरणी दिवसभर थांबत नाही, दगड तापतो, पिठाला जरा जळका वास येतो. कुठे निघालात म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, जगाया. वसई, भिवंडी, कल्याण ही नावं मुकादमाच्या तोंडी. आमच्या मोखाड्यात काय, तिकडे जव्हारात काय, दिवाळीनंतर माणूस जगायला जातो. इथे तो पावसाळाभर काय करत होता, हे त्या शब्दाला कोणी विचारलेलं नाही.

गिरणी आता मुलगा चालवतो. मी दाराजवळच्या बाकड्यावर बसतो. भुवयांवर पीठ बसतं ते पुसायचंही सोडून दिलं आहे. या बाकड्यावरून देऊळ दिसतं, देवळाच्या मागे चढणीचा पाडा दिसतो, आणि पाड्याच्या वाटेने डोक्यावर गोणी घेऊन उतरणारी माणसं दिसतात. या आठवड्यात ती उतरत आहेत. म्हणून आजच लिहायला बसलो.

आमच्या भजनी मंडळाची स्मरणिका निघते आहे. नवा सभामंडप बांधला, त्याचं उद्घाटन आहे, त्यानिमित्त मंडळाच्या कार्याचा आरंभ कसा झाला यावर मी दोन पानं लिहावीत आणि सोबत एक फोटो द्यावा, असं अध्यक्षांनी सांगितलं. जुन्या माणसांपैकी मीच उरलो आहे, हे खरं. पानं दोनाहून जास्त होतील. फोटो मिळणार नाही.

तर आरंभ.

आमचं देऊळ दत्ताचं. गुरुवारी भजन, मृदंगावर मी. वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने मेली, गावांची नावं पेपरात आली, त्यानंतर आमच्या बाजूलाही जीपगाड्या फिरल्या, पोरांची वजनं झाली, भाषणं झाली, आणि गाड्या घाट उतरून गेल्या. मागे राहिली आमची लाज. आरतीच्या ताटात पेढे आणि शंभर पावलांवरच्या पाड्यात पोरं पेजेवर. मंडळात बोलणं झालं. आईबाप भट्टीवर असतात तेवढे महिने त्यांची पोरं देवळाच्या सभामंडपात ठेवायची, दोन वेळा जेवू घालायचं, शाळेत धाडायचं, असं ठरलं. कांबळी आणली, मोठं पातेलं आणलं. ट्रक भरायच्या सकाळी आम्ही धुतलेले सदरे घालून देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. एकही पोर आलं नाही. समोरून ट्रक गेले, गोण्यांवर पोरं बसलेली, त्यातल्या एकीने आम्हाला हात केला.

मंडळ फार चिडलं. यांना शिकायचंच नाही, यांच्यासाठी करावं तेवढं फुकट, असं सगळे म्हणाले. माझा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. गिरणीत बोलून बोलून तो तसाच झाला आहे.

धवळूबाई तेव्हा देऊळ झाडायची. चढणीच्या पाड्यातली, नवरा मागेच वारलेला. तो पाडा मुळात तिथला नव्हे. त्यांची शेतं, घरं खाली होती, ती धरणात गेली, आणि ही माणसं चढून वर आली. धवळूबाई मला तू म्हणायची, अध्यक्षांना तू, एकदा तहसीलदार दर्शनाला आले तर त्यांनाही तू. तिच्या बोलीत देवाला आणि माणसाला वेगळा शब्द नव्हता. आमची चिडचिड ऐकून ती केरसुणी टेकवून हसली. म्हणाली, “तुज्या देवाला आमचे पोरांची वळख नाय. पोर झोपेत दचकलं तं कोनाला हाक मारंल?”

मग तिने जे सांगितलं ते इतकं साधं होतं की आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. पाड्यातल्या प्रत्येक घरात एक झाकणाची बांबूची टोपली असते. आत घरचे देव, म्हणजे मोरपिसांची जुडी, एखादा पितळी टाक, आणि बुडाशी तांदूळ. दिवेलागणीला तिच्यापुढे दिवा लागतो, आणि पोर झोपतं ते त्या टोपलीच्या घरात. सगळं घर भट्टीवर निघालं की टोपलीही ट्रकवर चढते. देव एकीकडे आणि पोर दुसरीकडे, असं कोणती आई करील? देवांना जागा द्या, पोरं मागून येतील, असं धवळूबाईचं म्हणणं.

मंडळात वाद झाला. त्या देवांना कोंबडं लागतं, मोहाची दारू लागते, ते दत्ताच्या मंडपात कसे, वगैरे. शेवटी दत्ताच्या गाभाऱ्याजवळ नको आणि मंडपाबाहेरही नको, अशी मधली वाट काढून मागच्या भिंतीला ऐनाच्या लाकडाची एक लांब फळी ठोकली. पुढच्या दिवाळीनंतर ट्रक लागले त्या सकाळी धवळूबाई पाड्यातून पुढे चालत आली. तिच्यामागे बाया, त्यांच्या डोक्यावर पीठ नव्हतं, हातात टोपल्या होत्या, आणि टोपल्यांच्या मागे पोरं. ज्याचा देव जिथे ठेवला त्याच्या खाली त्याचं कांबळं. कोणी शिकवलं नाही, रांगा लावल्या नाहीत. पोरांनी आपापली जागा वर बघून धरली.

स्मरणिकेत छापायला हे पुरेसं आहे, आणि हे कार्य कोणी सुरू केलं याचं उत्तरही यात आलं. आमच्या पत्रकांवर इतकी वर्षं जे छापलं जातं, की मंडळाच्या ज्येष्ठांना दृष्टांत झाला, तसा दृष्टांत कोणालाही झालेला नाही. आम्हाला एका झाडणाऱ्या बाईने हसून वेड्यात काढलं होतं.

त्या हिवाळ्याइतका चांगला हिवाळा माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. सकाळी धुकं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबायचं आणि धुक्यातून पोरं तोंड धुवायला पळायची. मंडपात भाकरीचा, ओल्या कांबळ्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा मिळून एक वास असायचा. दिवेलागणीला धवळूबाई फळीपुढून दिवे लावत जायची आणि पोरं ओरडून सांगायची, हा आमचा, तो वनितीचा, तो अजून राहिला. वनिता म्हणजे लाडक्या आणि सोनी यांची मुलगी, दुसरीत होती. तिच्या देवाचा दिवा शेवटी लागायचा आणि ती रोज भांडायची. एकदा धवळूबाईने तिला सांगितलं की तुझा देव म्हातारा आहे, त्याला उशिरा दिसतं. तेव्हापासून ती भांडायची थांबली. मी मृदंग लावताना बघायचो, भजनाला दत्ताकडे तोंड करून आम्ही, आणि मागे फळीकडे तोंड, आमच्याकडे पाठ करून पोरं. दोन्ही बाजू ताल धरायच्या.

मग दत्तजयंती आली. बाहेरून मोठे कीर्तनकार यायचे होते, आणि मंडप लखलखीत करायचा होता. धवळूबाई पोरांची कांबळी धुवायला ओहोळावर गेली होती. मी फळी पुसायला घेतली. एका टोपलीचं झाकण सरकलं होतं. आत बघितलं तर तांदूळ काळवंडलेले, जाळी धरलेली, त्यात किडे. गिरणीवाल्याला किडका दाणा बघवत नाही. तो धंद्याचाच रोग आहे. एक किडकी गोणी अख्खी गिरणी बिघडवते. मी दुसरी टोपली उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. मला त्या माणसांची कीव आली. एवढी श्रद्धा आणि देव मात्र किड्यांत. मी सगळ्या टोपल्या खाली घेतल्या, जुने तांदूळ सुपात ओतले, टाक चिंचेने घासून दुधाने धुतले, मोरपिसं झटकली, आणि प्रत्येक टोपलीत घरचे नवे पांढरे तांदूळ भरले. मनात नामस्मरण चालू होतं, हेही सांगतो. सूप नेऊन मी देवळामागे कोंबड्यांपुढे उपडं केलं.

धवळूबाई पिळलेली कांबळी घेऊन वर आली आणि कोंबड्यांपाशी थांबली. त्यांनी काय खाल्लं, असं तिने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. ती पायरीवर बसली. मग हळूहळू सांगत गेली. दरवर्षी नवं भात आलं की त्यातले चार दाणे टोपलीत पडतात. जुने कधीच निघत नाहीत. म्हणजे बापाचे दाणे खाली, आज्याचे त्याच्याही खाली. पाड्यातल्या टोपल्यांच्या अगदी बुडाशी धरणाखाली गेलेल्या शेतांचे दाणे होते. ते शेत आता फक्त तिथेच होतं. ती रागावली नाही. शेवटी एवढंच म्हणाली की घरधन्याशिवाय झाकण कोणी उघडत नाही, तेव्हा ती माणसं येईपर्यंत गप्प राहा, पोरांना वर्ष पुरं करू दे.

मी गप्प राहिलो. ते मला फार छान जमलं.

पावसाच्या तोंडावर ट्रक परतले. माणसं विटांच्या धुळीने तांबडी झालेली. पोरांना आधी आईबाप ओळखू येईनात, मग सगळी एकदम धावली. मंडळाने चहा ठेवला होता. लाडक्याने वनिताला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने आपली टोपली उतरवली. झाकण उघडून आत बघितलं. मग मुलीला खाली ठेवलं आणि पुन्हा बघितलं. आवाज चढवला नाही. हे कोणी केलं, एवढंच विचारलं. मंडळाची माणसं माझ्या पाठीशी उभी होती, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. समोर बाया एकेक झाकण उघडत होत्या. आणि मी म्हणालो, “साफसफाई धवळूबाईकडे असते.”

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते कोर्टातही बोलू शकलो असतो. खोटं बोललो असतो तर निदान तेवढ्यापुरता खोटारडा ठरलो असतो.

सगळे तिच्याकडे वळले. ती कोपऱ्यात कांबळ्यांच्या घड्या घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं, हातातली घडी पुरी केली, आणि मान खाली घातली. पाड्याने निवाडा केला, धवळूच्या हातून देवाला दिवा नको. तिला सणाच्या जेवणात बोलावणं बंद झालं. मंडळानेही वाद नको म्हणून झाडायला दुसरी बाई ठेवली. ठराव मांडणारा मी नव्हतो, हात वर करणाऱ्यांत होतो. आणि पुढच्या दिवाळीनंतर टोपल्या पुन्हा आल्या. पहिल्यापेक्षा जास्त आल्या. मंडळावर कोणाचा राग नव्हता; चूक धवळूची होती.

त्याच आठवड्यात ती गिरणीत आली. डोक्यावर नाचणीची गोणी. पाड्यात तिला कोणी काम देईना, म्हणून मुकादमाला हो म्हणून आली होती. त्या वयात. गर्दी होती, ती आपला नंबर येईपर्यंत बाहेर उन्हात बसून राहिली. मी दळण टाकलं. पट्ट्याच्या आवाजात बाकी कोणाला ऐकू गेलं नसतं, तरी ती माझ्या कानाशी वाकली. पिठाचं तोंड बांधताना म्हणाली, “तुजं नाव निघालं असतं शेट, तं सारी पोरां भट्टीवर गेली असती. माजं निघालं. मी एकली जातेय.”

पुढचं दळण कोणाचं, असं मी विचारलं.

माघात ती भट्टीवरच वारली. खाडीच्या काठी तिला अग्नी दिला, असं परतलेल्या माणसांनी मला याच बाकड्याजवळ उभं राहून सांगितलं. त्यांच्या सांगण्यातही तिच्याबद्दल थोडी अढी होतीच. ती अढी मी पाळली, दाणापाणी घालून वाढवली. पोरांना जगायला जावं लागू नये म्हणून जी बाई आम्हाला हसली, ती जगायला गेली आणि मेली. तिचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. मागाहून मंडळाचं नाव झालं. पाहुणे यायचे, फळीखाली झोपलेल्या पोरांचे फोटो काढायचे, शाल माझ्या खांद्यावर पडायची. घरी शालींची पेटी आहे. हिवाळ्यात एकही पांघरली नाही.

हे मी माफीसाठी लिहीत नाही. माफ करणारं माणूस उरलेलं नाही, आणि उरलेल्यांकडून ती मागणं म्हणजे आणखी एक शाल मागणं. लिहितो आहे ते फळीसाठी.

नव्या मंडपाला संगमरवर लागला आहे. जुनी भिंत तशीच ठेवली, पण फळी येत्या गुरुवारी उतरवायची ठरली आहे. टोपल्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. अध्यक्ष तरुण आहेत, वाईट मनाचे नाहीत, पोरांच्या आजारपणात गाडी काढून धावतात. मला समजवायला घरी आले. म्हणाले, काका, टोपल्यांत किडे असतात, संगमरवरावर डाग पडतात, देणगीदार विचारतात, आणि शेवटी देवळाचं पावित्र्य आहेच. मी त्यांचं बोलणं ऐकत होतो आणि मला सूप दिसत होतं. शब्द माझेच होते. कीवही माझीच होती.

तर पावित्र्याबद्दल मंडळातला सर्वांत पवित्र माणूस काय म्हणतो ते ऐका. मी ते देव दुधाने धुतले आहेत. तुमच्यापैकी कोणी इतकं केलेलं नाही. आणि मी सांगतो की देवळात देवाला जागा नाही असं ज्या दिवशी म्हणाल, त्या दिवसापासून तो नुसता हॉल आहे, लग्नाला भाड्याने द्या. शेडमध्ये ठेवलेल्या देवाखाली कोणतीही आई पोर ठेवणार नाही. आता सरकारी वसतिगृहं आहेत, काळ बदलला, असं अध्यक्ष म्हणतात. चांगलं आहे, असावीत, आणखी असावीत. पण माझ्या बाकड्यावर येऊन बसा आणि समोरून जाणाऱ्या ट्रककडे बघा. गोण्यांवर कोण बसलंय ते बघा आणि मग काळाचं बोला.

हे अध्यक्षांना बोललो, पण त्याआधी जिथे बोलायला हवं होतं तिथे गेलो नव्हतो. परवा गेलो. वनिता आता पाड्यातल्या अंगणवाडीत सेविका आहे. फळीची बातमी तिनेच मला आणली होती. तिचा हात धरून चढण चढलो. खळ्यावर माणसं पेंढा रचत होती, काही घरांत गोण्या शिवून तयार होत्या. लाडक्या आता माझ्याइतकाच थकला आहे, खाटेवर बसून दोरी वळत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सूप, कोंबड्या, ते वाक्य, गिरणीतलं तिचं बोलणं. कोणी हातातलं काम थांबवलं नाही, पण पेंढ्याचा आवाज बारीक होत गेला. सोनी आत निघून गेली. वनिताने माझा हात सोडला होता, तो कधी ते मला कळलं नाही.

लाडक्याने दोरीचा पीळ पुरा केला. म्हणाला, “येवढी वरसां हा तांदूळ कुठं शिजत ठेवलेलास, शेट?”

दोनतीन जण हसले. ते हसणं मला हवं होतं की नको ते अजून ठरवता येत नाही. मग बराच वेळ त्यांच्या बोलीत आपसात बोलणं झालं. मला सगळं समजलं नाही, धवळूचं नाव मात्र पुन्हा पुन्हा ऐकू आलं. एक म्हातारी तावातावाने म्हणत होती की धवळूला आपणच आपल्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं. म्हणजे ओझं मी उतरवून आलो नाही. आणखी कितीजणांच्या डोक्यावर वाटून आलो. शेवटी लाडक्या माझ्याकडे वळला. देव तुझ्यावर रुसला का ते भगत बघेल, म्हणाला. त्यात आम्ही पडत नाही. यंदा टोपल्या घेऊन येणार, फळीवरच ठेवणार, पण तुझ्या हाताने एकही दिवा लागायचा नाही. दिवे वनिता लावील. आणि मग, पुन्हा दोरी हातात घेत, “फळी कोन काढतो ते आमी बघू.”

वनिता मला खाली सोडायला आली नाही. मी एकटाच उतरलो, काठीवर.

अध्यक्षमहाराज, हा लेख छापलात तर पूर्ण छापा. एक ओळ जरी गाळलीत तरी उद्घाटनाच्या दिवशी मी तो ध्वनिक्षेपकावरून वाचीन. गिरणीवाल्याला ध्वनिक्षेपकही लागत नाही. न छापलात तरी चालेल, ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे. टोपल्या उद्या सकाळी पाड्यातून खाली येणार आहेत. आणि गुरुवारी फळी काढायला तुम्ही ज्या सुताराला सांगितलं आहे, तो चार हिवाळे तिच्याखाली झोपला आहे. येऊ दे त्याला पटाशी घेऊन. आधी त्याच्या बापाची टोपली खाली घ्यायला सांगा.